पायावरची आंघोळ

आमच्या घरात मी एका जागी दहा मिनिटं गप्प बसले तर माणसं घाबरतात. "काय गं, बरं वाटत नाहीये का?" म्हणून विचारतात. कारण मी बसत नाही. बसता येत नाही म्हणा, नाहीतर बसायची सवयच गेली म्हणा. हॉलच्या दारापासून किचनच्या ओट्यापर्यंत अकरा पावलं, ओट्यापासून बाल्कनीपर्यंत नऊ. बाल्कनीत कठड्याला कंबर टेकून मुर्धा गावाच्या बाजूला बघायचं. तिथे पूर्वी मिठागरं होती, आता बांधकामाच्या क्रेन उभ्या आहेत. त्यातली एखादी हलली की नाही बघायचं आणि परत फिरायचं. टीव्हीवरची मालिका मी उभ्याने बघते. भाजी उभ्याने निवडते. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकी एकदा वर येऊन म्हणाल्या, "आप दिनभर घर में क्या ढूँढती रहती हो?" मी म्हटलं, "कमर ढूँढती हूँ, काकी. मेरीवाली कहीं खो गई." त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

कंबर हरवली ती कामात. अठरा वर्षं मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. डबे, पातेली, ताटांचे गठ्ठे. वाकायचं, उचलायचं, वळायचं, ठेवायचं. एके दिवशी ताटांचा खोका उचलला आणि तिथेच अडकले, ना वर ना खाली. पॅकिंगच्याच दोन मुलींनी धरून मला रिक्षात आडवं घातलं. मग मणक्याचं एक ऑपरेशन, ते नीट झालं नाही म्हणून दुसरं, मग स्क्रू, मग गोळ्या. गोळ्यांनी पोटाची वाट लागली आणि डोकं असं बधिर झालं की गॅसवर दूध ठेवून मी गॅसकडेच बघत उभी राहायचे. शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलात नुसत्या दुखण्याचे डॉक्टर भेटले. असाही डॉक्टर असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या पोटात पंप बसवला.

पंप म्हणजे एक गोल, चपटी धातूची डबी. मारी बिस्किटापेक्षा जरा मोठी आणि चांगली जाड. ती बेंबीच्या डाव्या बाजूला, कातडीच्या आत आहे. तिच्यातून एक बारीक नळी आतल्या आत कंबरेला वळसा घालून पाठीच्या कण्यापर्यंत जाते आणि दिवसरात्र थेंब थेंब औषध सोडते. डबीतलं औषध संपत आलं की हॉस्पिटलात जायचं, झोपायचं, डॉक्टर पोटात सुई घालून डबी भरतात आणि एक यंत्र पोटावर धरून औषध किती सुटावं ते ठरवतात. आम्ही विहारात जाणारी माणसं, पौर्णिमेचा हिशोब आपोआप डोक्यात असतो, म्हणून मी ते दोन पौर्णिमांना एकदा असं लक्षात ठेवलंय. साडी नेसले की निऱ्यांच्या बाजूला तो उंचवटा हाताला लागतो. पहिले काही महिने मी सारखा हात लावून बघायचे, आहे ना अजून जागेवर? मॉलच्या दारात मशीन ओरडलं की कार्ड काढून दाखवते. "पेट में मशीन है, भाई." ते बिचारे बाजूला सरकतात, जणू फुटणारच आहे.

दुखणं गेलं का? छे. ते उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसलं एवढंच. भिंतीपलीकडून त्याचं खोकणं ऐकू येतं. पण जेवताना ताटात येऊन बसत नाही, हेही काही कमी नाही.

डॉक्टरांनी एक कागद दिला होता. काय करायचं नाही त्याची यादी. कंबरेतून पिळवटायचं नाही. खूप वाकायचं नाही. पोटाजवळ गरम पिशवी नको, शेक घ्यायचा नाही, जास्त उष्णतेजवळ बसायचं नाही, कारण माझ्या पंपातून उष्णतेने औषध कमीजास्त सुटू शकतं. तो वाचून मी आमच्या ह्यांना म्हटलं होतं, "म्हणजे बाईच्या जातीने जन्मभर जे केलं तेवढं सोडून बाकी सगळं चालेल." हे म्हणाले, "मग बाकी सगळं कर." तो कागद आम्ही फ्रिजला चिकटवला. तिथे तो इतका नेहमीचा झाला की कोणी वाचेना. मीसुद्धा.

मग मुलीला दिवस गेले.

एकुलती एक मुलगी. सासर लातूरचं, नवराबायको नोकरीला पुण्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. पण सातव्या महिन्यात ती आली, ह्यांच्याशी किचनमध्ये काहीतरी कुजबुजली, आणि दोघं माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तोंडं बघूनच मी ओळखलं. हे खाली बघत होते. ती म्हणाली, "आई, मी लातूरला जाते बाळंतपणाला. तिकडे सासूबाई आहेत, जाऊबाई आहेत. तुला नाही झेपणार."

नाही झेपणार! ते शब्द पोटातल्या डबीपेक्षा जड होऊन बसले. मी काय बोलले ते सगळं आता लिहीत नाही, पण आवाज चढला होता एवढं खरं. मी म्हटलं, "मोरव्याच्या चाळीत एवढ्याशा मोरीत तुला मी रोज पायावर घेऊन आंघोळ घातलीय. माझ्या आईने मला घातली. आणि माझ्या नातवंडाला कोण घालणार, लातूरकर?" 

ती शांतपणे म्हणाली, "तेच विचारतेय मी. बाळाला आंघोळ कोण घालणार?"

"मी."

"कशी?"

"कशी म्हणजे? पायावर."

"तुला पाटावर पाय पसरून बसता येतं? पाच मिनिटं? येत असेल तर मी इथेच राहते. पण आई, खरं सांग."

"येतं," मी म्हटलं. येत नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाटावर बसायचं, दोन्ही पाय समोर लांब सोडायचे, नडग्यांवर बाळ पायांच्या लांबीत झोपवायचं, डोकं पावलांकडे. आधी पालथं, मग उताणं. तेल, मग डाळीचं पीठ दुधात कालवून, मग कोमट पाणी, तांब्याने नाहीतर मगाने, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने. पाठ पूर्ण वेळ आधाराशिवाय आणि पुढे वाकलेली. माझ्या मणक्याने जे जे करू नये ते सगळं एकाच कामात. पण त्या कामाला दुसरा पर्याय म्हणून टब आणला तर ते मला आंघोळ वाटत नाही, भांडी विसळल्यासारखं वाटतं.

मी तालीम सुरू केली. तीन किलो तांदळाची पिशवी, वर टॉवेल गुंडाळलेला. मुलगी दुपारी झोपली की बाथरूमचं दार लावून मी पाटावर बसायचे आणि पिशवी नडग्यांवर घ्यायचे. एक मिनिट बरं जायचं. दुसऱ्याला डाव्या कुल्ल्यातून झिणझिण्या. चौथ्या मिनिटाला अशी कळ यायची की नळ धरून उठावं लागे. एकदा ह्यांनी दार ढकललं. मी पाटावर, पायावर टॉवेलातले तांदूळ. म्हणाले, "आज भाताला आंघोळ का?" मी म्हटलं, "दार लावा आधी." त्यांनी दार लावलं आणि मुलीला काही सांगितलं नाही. ह्यांचं एक बरं आहे, माझ्या भानगडीत पडत नाहीत. तेव्हा पडले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

पंप भरायची वेळ आली तेव्हा मी ह्यांना म्हटलं, तुम्ही पोरीजवळ थांबा, मी जाऊन येते गाडी करून. डॉक्टरांना सांगितलं, दुखणं वाढलंय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "काय बदललंय, ताई? खाली बसता का? काही उचलता का?"

"काहीच नाही."

"घरी काही नवीन काम?"

"नाही हो. थंडीमुळे असेल."

त्यांनी औषध थोडं वाढवलं. थोडंच. आणि दोनदा सांगितलं, सुरुवातीला झोप आल्यासारखं वाटेल, तसं झालं तर लगेच फोन करा, घरच्यांना सांगून ठेवा, लक्ष ठेवायला सांगा. मी "हो हो" म्हटलं. घरी येऊन तोंडाला कुलूप लावलं. तालमीत आता सात मिनिटं निघत होती. मला एवढा आनंद झाला की तांदळाच्या पिशवीचा मुका घ्यायचा बाकी होता.

लेकीला मुलगी झाली. माझ्यासारखंच नाक, ते काही बदलता येत नाही. हॉस्पिटलातून घरी आली त्या दिवशी मोरव्याच्या जुन्या वस्तीतल्या मालिशवाल्या मावशी ठरल्या. वय झालेलं, पण दंड अजून मुसळासारखे. बाळंतिणीला तेल लावायचं आणि बाळाला आंघोळ घालायची, दोन्ही त्यांचंच काम असतं. मी आधीच सांगून टाकलं, "मावशी, माझ्या लेकीला तुम्ही चोळा. बाळाला मी घालणार."

मावशींनी माझ्या कंबरेकडे बघितलं. "बरा बाय. तुजी नात हाय," म्हणाल्या. पण दाराशी उभ्या राहिल्या. रोज. त्यांना वाटायचं मला कळत नाही.

आणि मी घातली. पहिल्या दिवशी ती माझ्या नडग्यांवर पडली, ऊन ऊन, तेलाने निसरडी, मूठभर पाठ. पाणी पाठीवर पडल्याबरोबर रडायची थांबली आणि माझ्या पावलांवर गाल टेकून पडली. मला रडू आलं, पाण्यात कोणाला कळतंय? तीस वर्षांपूर्वी ह्याच पायांवर हिची आई होती. पाय तेच. मी मोठ्याने म्हटलं, "बघा, झेपलं की नाही?" बाहेरून मुलगी म्हणाली, "झेपलं, आई." तिचा आवाजही ओला होता. ते दिवस फार चांगले गेले. खोटं कशाला बोलू, मला माझा गर्व झाला होता.

याच दिवसांत मी बसायला लागले. दुपारी सोफ्यावर. टीव्हीवरची मालिका आयुष्यात पहिल्यांदा बसून बघितली, म्हणजे निम्मी बघितली, उरलेल्यात डोळा लागला. एकदा चहा उतू गेला, मी ओट्याला टेकून उभीच होते. ह्यांना आनंद. "वा, बसलीस! नातीने तुला जागेवर बसवलं." मुलगीही म्हणाली, आई, तू किती शांत झालीस. मलासुद्धा वाटलं, म्हातारपण येतंय ते असं गोड येत असेल. डॉक्टरांनी सांगितलेलं मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. मी ते बाजूला सारत होते.

त्यात थंडी वाढली. मावशी म्हणाल्या, "लेकीला शेक दे, बाय. शेकाशिवाय आंग न्हाय सुधरायचा." आमच्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवतात, निखाऱ्यांवर ओवा टाकतात, आणि फडक्याची पुरचुंडी तापवून पोट, कंबर, पाय शेकतात. ते आईने करायचं. मी बाल्कनीत कोळसे पेटवले. वरच्या मजल्यावरून ओरड आली, "आंटी, धुआँ सीधा हमारे घर में आ रहा है!" मी म्हटलं, "दस मिनट, बेटा, बच्चा हुआ है घर में." बच्चा म्हटल्यावर इथे सगळं माफ असतं.

फ्रिजवरच्या कागदावर लिहिलेलं होतं, शेक घेऊ नये, उष्णतेजवळ बसू नये. पाणी काढायला गेले तेव्हा मी तो वाचलासुद्धा, कित्येक महिन्यांनी. आणि मनात म्हटलं, मी घेतेय कुठे? मी तर देतेय. शेक तिला, मला काय त्याचं. असा विचार फक्त आमच्यासारख्या बाईच्या डोक्यात येऊ शकतो, जिला वाटतं की दुसऱ्यासाठी केलं की आपल्या अंगाला ते लागत नाही. रोज सकाळी खिडक्या लावून अर्धा तास मी खाटेला चिकटून बसायचे, घमेलं माझ्या पोटापासून वीतभर, पुरचुंडी तापव, शेक, तापव, शेक. साडीचा पदर, निऱ्या, त्याखालची डबी, सगळं तापायचं. मग तशीच उठून गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या बाथरूममध्ये.

शेक सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी झालं. 

बाळ पालथं होतं. डावा हात तिच्या पाठीवर, उजव्या हातात मग. तिच्या कानामागे पीठ राहिलं होतं ते मला दिसत होतं, ते आधी काढू या असं मी ठरवत होते. एवढंच आठवतं. मधलं काहीच नाही. एकदम हातातला मग फरशीवर आपटल्याचा आवाज आला आणि त्याच्या मागोमाग मावशींची किंकाळी, "अगो बाय, डोला लागला तुजा! पोर बघ!"

मी डोळे उघडले तेव्हा पायांवर बाळ नव्हतं. ती माझ्या दोन पायांच्या मध्ये घसरली होती, तोंड खाली, फरशीवरच्या पाण्यात. मावशींनी तिला एका हाताने उचललं, पालथं धरलं, पाठीवर थापटलं. ती रडेना. किती वेळ रडली नाही ते मला सांगता येणार नाही, काळजाचं पाणी पाणी होतं तेवढा वेळ. मग नाकातून पाणी आलं, ठसका लागला आणि ती अशी किंचाळली की खालच्या काकी धावत वर आल्या.

मुलगी दारात उभी होती. केस मोकळे, अंगाला तेल. तिने बाळ घेतलं, छातीशी धरलं, आणि माझ्याकडे बघितलं. ती मला एक शब्द बोलली नाही. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते, मला ते येतं. मी पाटावर तशीच बसून राहिले, पाय पसरलेले, रिकामे. उठताच येईना.

बाळाच्या डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक निघालं. ह्यांनी माझ्या कार्डावरच्या नंबरवर फोन केला. तिकडून म्हणाले, आत्ताच्या आत्ता घेऊन या.

दुखण्याच्या डॉक्टरांनी यंत्र पोटावर धरलं, डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, मग सगळं विचारलं. ह्या वेळी मी सगळं सांगितलं. पाट, तांदूळ, पायावरची आंघोळ, घमेलं. ते ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं. "बंद खोलीत कोळसा? बाळंतीण आणि बाळ असताना? ताई, त्याने तर सगळ्यांच्याच जिवाला धोका. आणि तुमचा वाढवलेला डोस, वर पोटाला ती धग. कशाने झोप लागली ते आता मला छातीठोक सांगता यायचं नाही. ह्यातलं एकही व्हायला नको होतं." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला घरी सांगितलं होतं ना यांनी, डोस वाढवलाय म्हणून?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

औषध पुन्हा कमी केलं, मला दिवसभर नजरेखाली ठेवून घेतलं. निघताना मी निर्लज्जासारखं विचारलंच, "आता आंघोळ घालता येणार नाही ना कधी?" डॉक्टरांनी मोठा श्वास घेतला. म्हणाले, पूर्ण जागी असाल तर, पाटावर नाही, बुटक्या स्टुलावर, पाठ भिंतीला टेकून, समोर दुसरं माणूस हात लावून बसलेलं असेल तर, पाच मिनिटं. "पण ते तुमच्या मुलीने ठरवायचं. तुम्ही नाही."

परतीच्या गाडीत दहिसर ओलांडलं. काशिमिऱ्याच्या सिग्नलला हे म्हणाले, "सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच नाही सांगितलंस ना?"

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते एक बुटकं प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आले आणि मुलीला डॉक्टरांच्या अटी सांगून बाथरूमच्या भिंतीला लावून ठेवलं.

मग सुरू झालं खरं. औषध कमी झाल्यावर दुखणं शेजारच्या खोलीतून उठून आलं आणि माझ्याच बिछान्यात पसरलं. अंगाला खाज, तळहातांना घाम, पाय ठरेनात. अकरा पावलं, नऊ पावलं, क्रेन, परत. बसले तर उठावंसं वाटे, उठले तर पडावंसं वाटे. डॉक्टरांना फोन केला, म्हणाले चार दिवसांत उतरेल, नाही उतरलं तर या. खाज उतरली. दुखणं राहिलं.

बाळाला आंघोळ मावशी घालत होत्या. मी बाहेर चालत होते. पाण्याचा आवाज आला की बाल्कनीत जायचे, थांबला की आत यायचे. रोज सकाळी, पाणी काढून झालं की मुलगी बाळाला घेऊन बाथरूमच्या दाराशी यायची आणि मला विचारायची, "आई, दुखतंय का?"

"नाही गं. अगदी बरी आहे मी."

ती मान हलवायची आणि बाळ मावशींच्या हातात द्यायची.

असं रोज. मला राग यायला लागला. बरी आहे म्हणतेय तरी देत नाही, मग विचारतेस कशाला? जखमेवर मीठ चोळायला? एक दिवस मी मावशींजवळ बोलले. त्या पंचा पिळत होत्या. म्हणाल्या, "तू खोटा बोलतंस बाय. सकालपासना भिताडाला धरून चालतंस, ती काय आंधली हाय?" मला तो टोमणा वाटला. मी दोन दिवस मावशींशी धड बोलले नाही.

सव्वा महिना भरला. जावई घ्यायला यायचे होते. बॅगा भरल्या, बाळंतविडा बांधला, लंगोट वाळत होते ते गोळा केले. सगळ्या घरात मीच एक फिरत होते, कशालाही हात न लावता. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मावशी पाणी काढून बाजूला उभ्या राहिल्या. मुलगी बाळाला घेऊन आली. टॉवेलातून दोन तळपाय बाहेर होते. तिने रोजच्यासारखं विचारलं.

"आई, दुखतंय का?"

तोंडात तेच आलं होतं, नाही गं. ते आलं आणि अडकलं. कुठून काय सुटलं कोण जाणे.

"दुखतंय!" मी ओरडले. "मरणाचं दुखतंय. कंबरेत खिळे ठोकल्यासारखं दुखतंय, डाव्या पायातून आग जातेय, रात्री कूस बदलता आली नाही. कालही दुखत होतं. परवाही. रोज विचारतेस, रोज दुखत होतं. पाटावर बसता येतं म्हणाले ना तुला, ते खोटं होतं. तेव्हाही दुखत होतं. झालं समाधान?"

हे हॉलमधून उठून आले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, त्या दिवशी दारातून बघितलं होतं तशीच. मग तिचे डोळे भरून आले.

"स्टुलावर बस," ती म्हणाली. "भिंतीला टेक नीट."

मी बसले. पाय लांब केले. तिने पाट ओढला, माझ्यासमोर बसली, टॉवेल सोडला आणि बाळाला माझ्या नडग्यांवर पालथं ठेवलं. तिचा स्वतःचा हात तिने बाळाच्या छातीखालून काढला नाही. दुसऱ्या हाताने मग उचलून मला दिला.

"आता बोलत राहा," ती म्हणाली. "कुठे दुखतंय, कसं दुखतंय, सगळं सांगत राहा. थांबू नकोस."

मी पहिला मग बाळाच्या पाठीवर ओतला आणि सांगायला सुरुवात केली.